निरोप्याचं वाक्य

१७ नोव्हेंबर, सोमवार

हेडसरांनी मधल्या सुट्टीत बोलावलं. स्नेहसंमेलनात नववीचं नाटक मी बसवायचं. मीच का? तर माझं एम.ए. इंग्रजीचं! "इंग्लिश मीडियमवाल्यांची तोंडं बंद होतील असं काहीतरी करा मॅडम." गेल्या वर्षी नुसते नाच होते, आणि स्पीकर फुटेस्तोवर गाणी.

मी सहज म्हणून गेले — इंग्लंडच्या राणी एलिझाबेथच्या काळातलं नाटक करते. वाटलं, नको म्हणतील, सुटेन. तर म्हणाले, "वा! निमंत्रणपत्रिकेत टाकतो." आली का पंचाईत!

घरी येऊन खिचडी टाकली. एकटीला पुष्कळ होते. लोणावळ्याजवळ वलवणच्या या खोलीत संध्याकाळी इतकी शांतता असते की कुकरच्या शिट्टीला दचकायला होतं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

नववीत सांगितलं. सनी लगेच, "मॅडम, ती परवा वारली ती राणी?" तिच्याही आधीची, म्हटलं. चारशे वर्षं मागे जा. शिवाजी महाराज जन्मायचे होते अजून. महाराजांच्या आधी काही घडलं असेल हे पोरांना फारसं पटत नाही.

फळ्यावर नाटकघर काढलं. वर छप्पर नाही. पडदा नाही. दिवे नाहीत, दुपारच्या उजेडात खेळ. तीन बाजूंनी लोक उभे — खातायत, ओरडतायत, मधेच नटाशी बोलतायत. बायकांची कामं पोरं करायची. गौरव म्हणाला, "म्हणजे आमच्या जत्रेतल्या सोंगांसारखंच की." हो, तसंच. सगळ्यांनी तोंड असं केलं की त्यात काय एवढं! मी रात्रभर टिपणं काढली होती. माझीच हवा गेली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

शेवटचे दोन तास अवांतर वाचन. पुस्तकांचं कपाट उघडलं. नियम माझे — पुस्तक आपलं आपण निवडायचं, आवडलं नाही तर अर्ध्यात सोडायचं, कुणी प्रश्न विचारणार नाही, सारांश लिहायचा नाही. हेडसरांना वाचनाचा अहवाल हवाय, फोटोंसकट. मिळणार नाही म्हटलं. पोरं वाचताना त्यांचा फोटो काढला की ती वाचत नाहीत, फोटो काढून घेतात. सरांच्या कपाळाला आठ्या. असोत.

पोरं सगळ्यात बारीक पुस्तकांवर तुटून पडली. उमेशनं मांजराच्या गोष्टीचं उचललं, पानभर चित्र आणि खाली दोन ओळी. मिशा फुटल्यात त्याला! पण नियम म्हणजे नियम.

ठाकरवाडीची छकुली एक जाडजूड पुस्तक घेऊन खिडकीशी बसली. वर्गात तिचा आवाज मी वर्षभरात हजेरीपुरताच ऐकलाय. ती ओठ हलवत वाचायला लागली, मग कुजबुज, मग कुजबुज मोठी. मागच्या पोरी हसल्या. "मनात वाच की," म्हटलं.

"मनात कळत न्हाई मॅडम. मोठ्यानं वाचलं का कळतं."

घरी वाच मग मोठ्यानं. — "घरी समदी हसत्यात."

मग ऐकून घेईल असं कुणीतरी शोध, म्हटलं, आणि पुढच्या पोराकडे वळले.

२३ नोव्हेंबर, रविवार

गावी जाऊन आले. शाळेसाठी रोज उतरते त्याच कान्हे स्टेशनवरून रिक्षानं दहा मिनिटं, पण दर रविवारी जिवावर येतं. वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, आठवड्याच्या गोळ्या डब्यात भरल्या. निवृत्तीदादा शेतात होता, वहिनी कपडे वाळत घालत होती. आबांचे डोळे आता गेल्यात जमा. माणूस आवाजावरून ओळखतात.

"जेवून जा," आबा म्हणाले.

"नको, गाडी आहे."

गाडीला अजून बराच वेळ होता. स्टेशनच्या बाकावर बसून नाटकाचा पहिला भाग लिहिला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

नाटक लिहून झालं. कुणाचं घेतलं नाही, माझंच रचलं. त्या काळच्या नाटकांची भट्टी मला पाठ आहे — एक म्हातारा राजा, एक कपटी भाऊ, एक भूत, एक विदूषक, आणि शेवटी चौथऱ्यावर प्रेतांचा खच. राजाचा मुलगा लढाईला गेलाय. राजा वाट बघतोय. निरोप्या येतो आणि सांगतो, युवराज पडले. राजा दिवे विझवायला सांगतो. मग गादीसाठी भाऊ राणीला विष घालतो, राजा भावाला मारतो आणि छाती फुटून स्वतः मरतो. अर्ध्या तासात सगळं आटपतं.

१ डिसेंबर, सोमवार

आज मजा आली. खरंच आली.

त्या काळी नटाच्या हातात अख्खं नाटक देत नसत. हातानं उतरवून काढायचं म्हणजे वेळ आणि कागद, शिवाय दुसरी मंडळी नाटक चोरणार. म्हणून ज्याला त्याला फक्त आपापलं बोलणं मिळायचं, आणि प्रत्येक बोलण्याआधी समोरच्याचे शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द कानावर पडले की तोंड उघडायचं. बाकी गोष्ट काय आहे ती ज्याची त्याला ठाऊक!

मी तेच केलं. कागदाच्या लांब पट्ट्या कापल्या, ज्याची त्याला दिली. समोरच्याच्या त्या शेवटच्या शब्दांना पोरांनी दोन मिनिटांत नाव ठेवलं — शेपूट. "मॅडम, माझं शेपूट लय बारीक हाय." "ए, माझ्या शेपटावर बोलू नको." पण काय कान लावून ऐकत होती! दुसऱ्याचं बोलणं ऐकल्याशिवाय आपली पाळी येतच नाही म्हटल्यावर करतात काय. एरवी याच वर्गापुढे बोलून बोलून माझा घसा बसतो.

गौरव राजा — उंच आहे, आणि गावातल्या मोठ्या घरातला असल्यानं हुकूम सोडायची सवय आहे. सनी विदूषक, तो तसाही आहेच. उमेश राणी. "आईची साडी आणू का मावशीची?" एवढंच त्यानं विचारलं, लाज नाही की काही नाही. निरोप्या छकुली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. पण माईक लावायचा नाहीये, आणि या पोरीची हाक मी ओढ्याकाठी ऐकलीय. पलीकडच्या टेकाडावरच्या शेळ्या मागे फिरतात.

गौरवच्या पट्टीवर निरोप्याचं शेपूट आहे, "इतकंच सांगायचं होतं". त्यापुढे त्याचं वाक्य, "दिवे विझवा. दार लावून घ्या." निरोप काय आहे हे त्याला ठाऊक नाही. कुणालाच नाही, छकुली सोडून. खेळाच्या दिवशीच कळेल. त्या वेळचं त्याचं तोंड मला बघायचंय.

४ डिसेंबर, गुरुवार

गौरव: "मॅडम, राजा झोपायला जातो का?"

हो, म्हटलं. तसंच समज.

७ डिसेंबर, रविवार

गावी गेले तर ओट्यावर छकुली! आबा बाजेवर, ती पायरीवर, पुस्तक मांडीत, आवाज टिपेला. मला बघून ताडकन उठली.

"तुमीच म्हनलात ना मॅडम, ऐकनारं कुनी शोध म्हनून."

आबा भलतेच खुशीत. "सावळ्याची नात हाय ही. तुझ्यापरीस बरी वाचती. तू ल्हानपनी मधली पानं खायचीस!" ठाकरवाडीचा सावळा आमच्याकडे आयुष्यभर भातलावणीला यायचा. आणि गावाचे निरोपही तोच न्यायचा. पाच-सहा वर्षांपूर्वी वारला.

ते नाव ऐकलं आणि मी गोळ्या भरायला आत गेले. वहिनी म्हणाली, रोज येते शाळा सुटल्यावर. आबा तिच्यासाठी चहा टाकायला लावतात आणि कपसुद्धा घरातला द्यायला लावतात. सावळा कुठल्या कपातून चहा प्यायचा ते मला आठवतंय.

बाहेर वाचणं पुन्हा सुरू झालं होतं. आबा मधेमधे "मंग?" म्हणत होते. मला कधी "मंग?" म्हणाल्याचं आठवत नाही. मी तरी कधी काय सांगितलंय म्हणा.

१० डिसेंबर, बुधवार

छकुलीची तालीम वेगळी घेते, प्रयोगशाळेच्या मागे, कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून. वाक्य साधं आहे: "महाराज, युवराज रणात पडले. ते आता नाहीत. इतकंच सांगायचं होतं."

पट्टी हातात असली की धडाधड वाचते. पट्टी ठेव म्हटलं की खेळ खलास! मान खाली, पाय परतीच्या दिशेला, आवाज घशात, आणि म्हणते काय:

"म्हाराज, युवराजास्नी जरा जास्त हाय. चला."

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच.

"अगं, तो मेलाय!"

"व्हय."

"मग सांग की तसं!"

"असं तोंडावर सांगत्यात व्हय मॅडम? त्या निरोप्याला घरी कुनी शिकीवलं न्हाई का?"

हसू आलं. पण राग जास्त आला. मला काय ही रीत नवी आहे? आमच्याकडे मेलेल्याचं 'मेला' म्हणून कुणी सांगतच नाही. प्रत्येकाच्या हातात फोन आला तरी लेकीकडे, बहिणीकडे माणूसच पाठवतात. तो उंबऱ्याबाहेर उभा राहतो. आत येत नाही, पाणी घेत नाही. "जरा जास्त आहे, चला" एवढंच म्हणतो. गाडीतल्या सगळ्यांना ठाऊक असतं, एक ती सोडून. चांगलीच ठाऊक आहे मला ही रीत.

उद्या पुन्हा तालीम.

१२ डिसेंबर, शुक्रवार

जमलं! मान वर, सरळ माझ्या डोळ्यांत बघून, तिन्ही वाक्यं. म्हणून झाल्यावर रडवेली झाली होती. मी शाबास म्हटलं आणि निघाले, स्टाफरूममध्ये मीटिंग होती.

१३ डिसेंबर, शनिवार

वाचनाचा तास. उमेशचं मांजर संपलं. "याच्यावरचं द्या," म्हणाला. म्हणजे जरा जाड. दिलं नाही, शोध म्हटलं. शोधलंन.

गौरव कपाटातून राजाराण्यांची पुस्तकं उपसतोय. त्याला वाटतंय, आपल्या नाटकाचं पुढचं यांतल्याच कशात तरी असणार. नाहीये. पण वाचतोय ना! मी कशाला सांगू?

१९ डिसेंबर, शुक्रवार

झालं एकदाचं. काय झालं ते मात्र मलाच नीट सांगता येणार नाही.

खेळ दुपारचा. पटांगणात बाकं जोडून चौथरा, तीन बाजूंनी लोक. पडदा नाही म्हणून हेडसर सकाळपासून घुश्शात. पाहुणे पुण्याच्या कुठल्याशा संस्थेचे, ते खुर्चीत. बाकी गाव उभं. ठाकरवाडीच्या बायका अगदी पुढे जमिनीवर, शेंगा फोडत. आबांना विक्की, म्हणजे निवृत्तीदादाचा मुलगा, पिकअपमधून घेऊन आला. त्यांची खुर्ची चौथऱ्याच्या कडेलाच टाकली. दिसत नाही तर निदान ऐकू यावं.

उमेशची राणी आली तशा शिट्ट्या. सनीनं पट्टीबाहेरची बडबड सुरू केली, लोक त्याच्याशी बोलायला लागले, तो त्यांच्याशी. भूत बाकाखालून निघालं आणि पहिलीतली दोन पोरं रडत पळाली. अगदी त्या काळासारखं! मी खांबाआड उभी होते आणि फार खूश होते.

मग निरोप्या. छकुली गर्दीतून आली, डोक्याला मुंडासं. चौथऱ्यावर चढायचं ठरलं होतं. चढली नाही. खालीच उभी राहिली, कडेला. राजा म्हणाला, "काय निरोप आणलास?"

तिनं मान खाली घातली.

"म्हाराज, युवराजास्नी जरा जास्त हाय. चला."

शेंगा फोडायचा आवाज थांबला. पुढच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. वाडीतल्या शालूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "गेलं गं बाई पोर!" कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. एकटे पाहुणे शेजारच्याला विचारत होते, काय झालं, काय झालं.

आणि गौरव! त्याचं शेपूट आलंच नव्हतं. मी खांबाआडून हातवारे करतेय — दिवे विझवा! दिवे! तो माझ्याकडे बघेचना. छकुलीकडे बघत होता. मग त्याला कळलं. कळताना दिसलं मला. खाली बसला आणि म्हणाला, "थांब. पायताण घालतो."

पायताण नव्हतंच, राजा अनवाणी होता. त्यानं नसलेलं पायताण पायात घातलं, डोक्यावरचा मुकुट काढून बाकावर ठेवला, चौथऱ्यावरून उतरला आणि तिच्या मागोमाग निघाला. लोकांनी बाजूला होऊन वाट दिली.

पुढचं नाटक राहूनच गेलं. विष राहिलं, सूड राहिला. उमेश साडी सावरत उभा. सनीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि म्हणाला, "चला, आपून बी जाऊ." टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. माणसं तशीच पांगली.

हेडसर: "मॅडम, अर्धवटच झालं की हो! पाहुण्यांना काय सांगू?"

सांगा काय सांगायचं ते. माझं नाटक पाण्यात गेलं. महिनाभर राबले मी त्या एका वाक्यासाठी.

२० डिसेंबर, शनिवार

छकुलीला बोलावून झाडलं. जमलं होतं ना? मग ऐन वेळी काय झालं?

"मला न्हाई सांगवलं मॅडम. गौरव वाट बघत व्हता."

"अगं, तो गौरव नव्हता, राजा होता!"

"त्यो बी वाट बघत व्हता."

तिथेच थांबायला हवं होतं. थांबले नाही. आई गेली तेव्हाचं सांगत सुटले. लोणावळ्यातल्या आधीच्या शाळेत नवी नवी नोकरी होती. तुझाच आजा आला होता, म्हटलं. उंबऱ्याबाहेर उभा. "मास्तरीनबाई, आईस्नी जरा जास्त हाय. चला." बोलतेय का, विचारलं, तर व्हय म्हणाला! जीपमध्ये सगळे गप्प. कामशेतला मी गाडी थांबवायला लावली आणि दोन शहाळी घेतली. आईला आवडायची, तोंडाला चव येईल म्हणून. ती दोन शहाळी पोटाशी धरून मी अंगणात उतरले, आणि अंगणात तिरडी बांधत होते. सगळ्या गावासमोर! सगळ्यांना ठाऊक होतं आणि मी शहाळी घेऊन उभी. मला तेव्हा जो राग आला तो अजून तसाच आहे. दुःखाच्या आधी राग आला, आणि मग दुःखाला जागाच उरली नाही.

पोरीला हे सांगायची काय गरज होती? चौदा वर्षांची ती.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आजा सांगायचा. तुमी शहाळी घेतली तवा त्यो गाडीत मागं तोंड करून बसला. घरी आला ते जेवलाच न्हाई."

हे मला माहीत नव्हतं.

जरा वेळानं तिनंच विचारलं, "मंग तुमास्नी कसं सांगायचं?"

"सरळ. मान वर करून. जे आहे ते."

"बरं," म्हणाली. पट्टीची घडी घालून माझ्या टेबलावर ठेवली आणि गेली.

२१ डिसेंबर, रविवार

आबा म्हणाले, "पोरगी बरोबर बोलली नाटकात."

मी गोळ्या मोजत राहिले.

पुन्हा थोड्या वेळानं, "तवा सावळ्याला मीच सांगितलं व्हतं. म्हनलं, काय बी कर, पन तिला नीट आन."

मंगळवारच्या खणात दोन गोळ्या पडल्या. एक काढली. वहिनीनं चहा आणला तो घेतला आणि निघाले.

गाडीत बसल्यावर वाटलं, काहीतरी म्हणायला हवं होतं. काय ते लोणावळा येईपर्यंत सुचलं नाही.

२४ डिसेंबर, बुधवार

गंमत म्हणजे नाटकाचं गावात अजून बोलणं चालू आहे. रिक्षावाला म्हणाला, "मॅडम, तुमच्या राजाला बघून आमची म्हातारी दोन दिवस गप्प होती." हेडसरांच्याही कानावर गेलंय. आता म्हणतात, "वेगळाच शेवट केलात हं!" मी केला? बरं, मी केला.

२७ डिसेंबर, शनिवार

आज पूर्ण नाटक कपाटात ठेवलं, शिवून, वर पुठ्ठा घालून. ज्याला आपल्या पट्टीच्या पुढचं-मागचं वाचायचं असेल त्यानं न्यावं. झुंबड! महिनाभर एकेक तुकडा चघळत होती, आता अख्खं हवं. गौरव म्हणाला, राजा मी होतो, पहिला हक्क माझा. चिठ्ठ्या टाकल्या. छकुलीची निघाली. गौरव फुरंगटून बसला, मग म्हणाला, "शेवट तेवढा सांगू नको गं."

आठ-दहा पोरं सुट्टी झाल्यावरही कपाटाशी रेंगाळत होती. शिपाई कुलूप घेऊन उभा. अहवालात घालण्यासारखं होतं. घालणार नाही.

२ जानेवारी, शुक्रवार

संध्याकाळी निवृत्तीदादाचा फोन. आबांना बोलायचं होतं. आबा आणि फोन! नीट कानाला धरतसुद्धा नाहीत, नुसतं ओरडतात. मला अजून 'सारी'च म्हणतात.

"सारे, त्या पोरीनं तुझं नाटक वाचून दावलं. समदं."

"मग? कसं वाटलं?"

"राजाला उगा मारलास. येवढं सोसल्यावर मानूस मरत न्हाई. बसून ऱ्हातो."

मी म्हटलं, रविवारी येते तेव्हा बोलू. मग आपोआप तोंडातून गेलं, जेवायला थांबेन म्हणून. पलीकडे आबा वहिनीला ओरडून सांगत होते, "सारी जेवायला थांबनार हाय!"

१७ जानेवारी, शनिवार

काल तेरावं झालं. आज वही उघडली.

त्या रविवारी सकाळीच दार वाजलं. मी निघायच्याच तयारीत होते. दारात छकुली. खाली रस्त्यावर पिकअप, विक्की स्टिअरिंगवर मान घालून बसलेला. आत ये म्हटलं, ती आली नाही. पाणी देऊ का विचारलं, नको म्हणाली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली, मान वर केली, आणि शिकवलं होतं तसं सरळ माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली,

"मॅडम, आबा पहाटं गेले. ते आता न्हाईत. इतकंच सांगायचं व्हतं."

कुठे अडखळली नाही.

मी म्हटलं, "जास्त आहे का?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं मान खाली घातली.

"व्हय मॅडम. जरा जास्त हाय. चला."

"थांब," म्हटलं. "चपला घालते."

कामशेतला विक्कीला गाडी थांबवायला सांगितली. दोन शहाळी घेतली. छकुलीनं तोंड फिरवलं नाही. घर येईपर्यंत ती शहाळी मांडीवर धरून माझ्या शेजारी बसली होती.